अमानत कोणाची? डेटा संरक्षण, सार्वजनिक सुरक्षा आणि आपण

(नागरी हक्कांविषयीच्या सभेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)





मी काही वक्ता नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांची माहिती साठवून ठेवणारी आणि हवी तेव्हा शोधून देणारी प्रणाली बनवणं, हे माझं रोजचं काम. म्हणून 'डेटा संरक्षण' हा विषय माझ्याकडे आला. तो ठरला तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला विचारलं, "बाबा रे, हा तुम्हा आयटीवाल्यांचा विषय. आपल्या मोहल्ल्याला त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी एक तारीख सांगतो.

११ डिसेंबर २०१९. त्या दिवशी राज्यसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयक १२५ विरुद्ध १०५ मतांनी मंजूर झालं. तो दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. पण त्याच दिवशी, त्याच इमारतीत, लोकसभेत आणखी एक विधेयक मांडलं गेलं. त्याचं नाव 'वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक, २०१९'. मांडणारे होते तेव्हाचे केंद्रीय कायदा व न्याय मंत्री रविशंकर प्रसाद. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान हे खातंही त्यांच्याकडेच होतं. आपल्यातल्या फारच थोड्या लोकांचं तिकडे लक्ष गेलं. माझंही गेलं नाही, आणि माझं तर पोट याच धंद्यावर चालतं.

रविशंकर प्रसाद हे नाव आपल्याला माहीत आहे ते तिहेरी तलाकच्या विधेयकामुळे. तेही त्यांनीच संसदेत मांडलं आणि त्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये मंजूर करून घेतलं. त्यावर आपल्यात मतभेद होते, वाद झाले, सभा झाल्या. वाद व्हायलाच हवेत. पण त्याच मंत्र्यांच्या दुसऱ्या कामावर आपल्याकडे एकही सभा झाली नाही. ती उणीव आज थोडी भरून काढू.

सुरुवात त्यांच्या बाजूने करतो, कारण समोरच्याचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे भटके लोक होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती, तिने त्यांचा जीव घेतला. त्या काळात देशभर अशा घटना घडत होत्या. गोरक्षणाच्या नावाखाली झुंडीने मारलेल्यांमध्ये आपली माणसं किती होती, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच महिन्यात प्रसाद यांच्या मंत्रालयाने व्हॉट्सॲपला खरमरीत पत्रं लिहिली आणि राज्यसभेत या विषयावर चर्चा झाली तेव्हा उत्तरही त्यांनीच दिलं. तुमच्या व्यासपीठावरून विष पसरतं तेव्हा तुम्हाला हात झटकता येणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, ती याच दबावानंतर.

म्हणजे सार्वजनिक सुरक्षा हा काही सरकारने काढलेला बहाणा नाही. ती आपलीही मागणी आहे. जमावाच्या तोंडी जो समाज सगळ्यात आधी सापडतो, त्याला पोलीस हवे असतात, पुरावे हवे असतात, गुन्हेगार पकडले जायला हवे असतात. प्रश्न पुढचा आहे. सुरक्षेसाठी म्हणून सरकारच्या हाती दिलेल्या गोष्टीवर लगाम कोणाचा?

याला प्रसाद यांचं ठरलेलं उत्तर होतं. खासगीपणा ही दहशतवाद्यांची आणि भ्रष्टाचाऱ्यांची ढाल होऊ शकत नाही, अशा अर्थाचं ते वारंवार बोलत. ऐकायला कोणालाही पटेल. पण अमुक माणूस दहशतवादी आहे हे ठरवायचं कोणी आणि कधी? न्यायालयात आरोप सिद्ध झाल्यावर, की माहिती गोळा करायला सुरुवात करण्याआधीच? पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटलेली माणसं ज्या समाजाने पाहिली आहेत, त्याला या दोन्हींतला फरक कळतो.

आता थोडं माझ्या धंद्यातलं.

२०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं. कशासाठी? हरवलेली मुलं शोधण्यासाठी. दिल्ली उच्च न्यायालयात तशा मुलांचं प्रकरण चालू होतं. याला कोण विरोध करेल? कोणाही आईबापाने दुवाच दिली असती. डिसेंबर २०१९ मध्ये रामलीला मैदानावर पंतप्रधानांची सभा झाली, तेव्हा येणाऱ्या लोकांचे चेहरे तपासायला हेच तंत्र वापरल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. नागरिकत्व कायद्याविरोधातल्या निदर्शनांचं चित्रीकरण त्यासाठी हाताशी होतं. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल झाली. ११ मार्च २०२० रोजी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने अकराशेहून अधिक लोकांची ओळख पटवली आहे आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रांची व वाहन परवान्यांची माहिती त्यात घातली आहे.

हा प्रवास पाहा. यंत्र आलं हरवलेल्या मुलांसाठी आणि पोहोचलं निदर्शकांपर्यंत. मतदार ओळखपत्रासाठी आपण फोटो दिला तो मत देण्यासाठी, परवान्यासाठी दिला तो गाडी चालवण्यासाठी. ते फोटो पोलिसांच्या शोधयंत्रात गेले. दंगलखोर पकडले जावेत की नाही, हा इथे मुद्दाच नाही. ते पकडले जायलाच हवेत. मुद्दा असा की एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची असेल, तर तसं सांगणारा कायदा कुठे होता? परवानगी कोणी दिली? चूक झाली तर दाद कुठे मागायची?

चूक होते, आणि ती कशी होते याचं साधं गणित सांगतो. समजा दहा लाख लोकांचे चेहरे तपासायचे आहेत आणि त्यांत खरे गुन्हेगार शंभर आहेत. सॉफ्टवेअर नव्याण्णव टक्के अचूक आहे असं धरू. शंभरपैकी नव्याण्णव गुन्हेगार सापडतील. वा, छान! पण उरलेल्या नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे निरपराध लोकांपैकी एक टक्का चुकीने पकडले जातील. म्हणजे जवळजवळ दहा हजार. यंत्राने बोट दाखवलेल्या शंभरांत खरा गुन्हेगार जेमतेम एक. हे नव्याण्णव टक्क्यांचं गणित झालं. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, ऐंशी टक्के साम्य दिसलं की ते चेहरा जुळला असं धरतात.

हे सॉफ्टवेअर धर्म पाहत नाही, कपडे पाहत नाही, असं लोकसभेत सांगण्यात आलं. इंजिनिअर म्हणून मी ते मान्य करतो. यंत्राला धर्म कळत नाही. पण कॅमेरा कुठल्या गल्लीत लावायचा, कुठल्या मोर्चाचं चित्रीकरण तपासायला घ्यायचं आणि कुठलं कपाटात ठेवायचं, हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. म्हणून लगाम यंत्राला नव्हे, माणसाला लागतो. आणि माणसाला लगाम घालण्याचं साधन म्हणजे कायद्याचा मजकूर.

तर आता मजकुराकडे येऊ. इथे गोष्ट दोन-चार शब्दांची आहे, पण तीच मुख्य.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो अमर्याद नाही. सरकार त्यात हात घालू शकतं, पण त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. उंदीर मारायला घर जाळायचं नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

निकालाच्या काही आठवडे आधी सरकारने डेटा संरक्षणासाठी एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. हे नाव महाराष्ट्रातल्या मुसलमानाला वेगळं सांगावं लागत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे हेच ते श्रीकृष्ण. युती सरकारने १९९६ मध्ये त्यांचा आयोग गुंडाळला होता, काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू करावा लागला, १९९८ मध्ये अहवाल आला. त्यातल्या शिफारशींचं काय झालं, ते आपण आजवर पाहतो आहोत.

श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्यात राज्याच्या सुरक्षेसाठी माहिती वापरायची सोय होती. पण अट अशी की संसदेने केलेला कायदा हवा, त्यातली कार्यपद्धती पाळली गेली पाहिजे, आणि तो वापर 'आवश्यक आणि प्रमाणशीर' हवा. प्रसाद यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या विधेयकाच्या ३५ व्या कलमात हे बदललं. सरकारला 'आवश्यक किंवा इष्ट' वाटलं, तर लेखी कारण नोंदवून ते आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकेल, असं तिथे लिहिलं होतं. 'आणि'च्या जागी 'किंवा' आलं, 'प्रमाणशीर'च्या जागी 'इष्ट' आलं. इष्ट म्हणजे, सोप्या मराठीत, सोयीचं. कोणाच्या सोयीचं? अर्थात सूट देणाऱ्याच्या.

देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचे सदस्य निवडणाऱ्या समितीत श्रीकृष्ण मसुद्याने सरन्यायाधीशांना किंवा त्यांनी नेमलेल्या न्यायाधीशांना स्थान दिलं होतं. २०१९ च्या विधेयकात न्यायाधीश गेले आणि सरकारचे सचिव तेवढे उरले. स्वतः श्रीकृष्ण यांनी या विधेयकावर जाहीर टीका केली. यातून पाळत ठेवणारं राज्य उभं राहू शकतं, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

लोकसभेत विरोधकांनी मागणी केली की विधेयक माहिती तंत्रज्ञानाच्या स्थायी समितीकडे पाठवा. प्रसाद यांनी ते संयुक्त संसदीय समितीकडे पाठवलं. समितीने दोन वर्षं काम केलं, डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. विरोधी पक्षांच्या अनेक खासदारांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या आणि त्यांतला मोठा भाग सरकारला मिळणाऱ्या सुटीवर होता. तोपर्यंत प्रसाद मंत्रिपदावरून गेले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयक मागे घेतलं.

पण मंत्री गेले, विधेयक गेलं, तरी ती सूट गेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमा'च्या १७ व्या कलमात ती बसलेली आहे, आणि आधीपेक्षा ऐसपैस. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार जिचं नाव अधिसूचित करील, त्या यंत्रणेला हा कायदा लागू नाही. २०१९ मध्ये निदान कारण लेखी नोंदवायची आणि काही देखरेख ठेवायची भाषा होती. तीही आता त्या कलमात नाही.

आणखी एक गोष्ट हळूच नाहीशी झाली. २०१८ आणि २०१९ च्या दोन्ही मसुद्यांत 'संवेदनशील वैयक्तिक डेटा' असा वेगळा वर्ग होता. आरोग्य, बोटांचे ठसे, जात, जमात, धार्मिक आणि राजकीय श्रद्धा अशी माहिती त्यात मोडत होती, आणि तिला जास्त संरक्षण होतं. २०२३ च्या कायद्यात हा वर्गच नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा धर्म आणि तुमच्या पिझ्झाची ऑर्डर एकाच मापाची माहिती आहे.

त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलमही बदललं. आधी 'वैयक्तिक माहिती' म्हणून एखादी गोष्ट नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे दाखवावं लागे. ती अट गेली. म्हणजे सरकारला आपल्याकडे पाहायला खिडकी मोठी झाली, आणि आपल्याला सरकारकडे पाहायची खिडकी लहान झाली.

इथे कोणीतरी म्हणतंच, "मी काही चुकीचं करत नाही, मग मला लपवायचं काय?" माझे वालिदही हेच म्हणतात. मी त्यांना सांगतो, अब्बा, तुमचं नाव आणि पत्ता यात लपवण्यासारखं खरंच काही नाही. दारावर पाटीच आहे. पण एकाचं नाव-पत्ता ही ओळख असते, आणि दहा हजारांची धर्मावरून वेगळी काढलेली नावं-पत्ते ही यादी असते. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला मतदार याद्या वापरल्या गेल्या. २००२ मध्ये गुजरातमध्ये हल्लेखोरांच्या हातात मुसलमानांच्या घरांच्या आणि दुकानांच्या संगणकावर छापलेल्या याद्या होत्या, हे ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात नोंदलं गेलं आहे. या याद्या लोकांनी काही लपवलं नाही म्हणूनच तयार झाल्या होत्या. तेव्हा माहितीचं संरक्षण हाही सार्वजनिक सुरक्षेचाच भाग आहे. सरकार या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत ठेवतं. आपला अनुभव सांगतो की त्या एकाच पारड्यात आहेत.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्यात. आता जे सांगणार आहे ते थोडं आपल्याला लागणारं आहे. सुरुवात स्वतःपासून करतो.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या सगळ्या वस्त्यांत कागदपत्रांची घाई सुटली होती. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या नावाचे उतारे. लोक धास्तावले होते. आमच्या भागातही मदत शिबिर लागलं. मी इंजिनिअर, म्हणून नोंदींचं काम माझ्याकडे. मी एक ऑनलाइन तक्ता बनवला. साडेचारशे कुटुंबं. नावं, आधार क्रमांक, मोबाइल, कोणाकडे कुठला कागद नाही, सगळं त्यात. पंधरा-वीस कार्यकर्त्यांना पटापट भरता यावं म्हणून मी तो 'लिंक असेल त्या कोणालाही उघडेल' असा ठेवला. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली. दोन वर्षांनी काहीतरी शोधताना ती लिंक मला सापडली. दाबली. तक्ता उघडला. सगळी साडेचारशे कुटुंबं तशीच होती. कोणाकडे कागद नाही, हेही तसंच लिहिलेलं होतं.

ज्या लोकांना आपली माहिती चुकीच्या हाती जाईल याची भीती वाटत होती, त्यांची माहिती मी रस्त्यावर ठेवली होती. कुठल्या मंत्र्याने नाही, मी. ती कोणी पाहिली का, हे मला कधीच कळणार नाही. तक्ता मी त्याच दिवशी पुसला. पण त्या साडेचारशे घरांना जाऊन सांगण्याचं धाडस मला झालं नाही. आज इथे सांगतो आहे.

आणि असा मी एकटाच नाही. लॉकडाउनमध्ये रेशनच्या किटसाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी, मतदार नोंदणीसाठी आपण किती आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या? त्या कुठल्या कपाटात आहेत? त्यांचे फोटो कोणाच्या जुन्या मोबाइलमध्ये आहेत? कागदावरची झेरॉक्स नव्या कायद्यात येत नाही, पण तिचा मोबाइलवर फोटो काढला की येते. त्या क्षणी आपला ट्रस्ट, आपलं मंडळ, आपली संस्था कायद्याच्या भाषेत 'डेटा फिड्युशिअरी' होते.

हा इंग्रजी शब्द अवघड वाटेल, पण याला आपल्या घरातला शब्द आहे. अमीन. ज्याच्याकडे अमानत ठेवली, तो. मक्केत पैगंबरांना लोक 'अल-अमीन' म्हणत. सीरतच्या ग्रंथांत सांगितलं जातं की जे त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांच्याही अमानती त्यांच्याकडे होत्या, आणि हिजरतच्या वेळी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवलं, ते ज्याची त्याला परत करण्यासाठी. 'आता शत्रुत्व आहे, तेव्हा ठेवून घेणं इष्ट', असा विचार तिथे नव्हता. ज्या कामासाठी वस्तू घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि काम संपलं की परत करायची. जगभरच्या डेटा संरक्षण कायद्यांचं मूळ तत्त्व हेच आहे. सरकारकडे आपण हेच मागतो आहोत. मग ते आधी आपल्या कपाटात दिसलं पाहिजे.

म्हणून चार कामं सुचवतो आणि थांबतो.

पहिलं, इथून परत गेल्यावर आपापल्या संस्थेतलं कपाट उघडा. ज्या झेरॉक्सचं काम संपलं, त्या परत करा किंवा फाडून नष्ट करा. मोबाइलमधले फोटो पुसा. ऑनलाइन तक्ते कोणाकोणाला उघडतात, ते तपासा. कोणाला जमत नसेल तर मी येतो.

दुसरं, यापुढे आधारची प्रत मागायची वेळ आली तर आधी विचारा, खरंच लागते का? लागलीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत घ्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. बोटांचे ठसे 'लॉक' करायची सोयही आहे, ती घरच्या वडीलधाऱ्यांना करून द्या.

तिसरं, कोणीही माहिती मागायला आलं, सरकारी असो की खासगी, तर तीन प्रश्न विचारा. कशासाठी? किती दिवस ठेवणार? आणखी कोणाला देणार? भांडू नका, विचारा. विचारण्याची सवय लागली की अर्धं काम होतं.

चौथं, आपल्या खासदाराला विचारा. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. १७ व्या कलमाखाली कोणत्या यंत्रणांना सूट मिळते, ती का आणि किती काळासाठी, यावर त्यांनी सभागृहात प्रश्न विचारावा. आपण मागणी नवी करत नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी २०१८ मध्ये लिहिलेले दोन शब्द परत आणा, एवढंच म्हणतो आहोत. 'आवश्यक आणि प्रमाणशीर'.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारलं होतं, मोहल्ल्याला याचं काय. ते समोरच बसले आहेत. त्यांच्या कार्यालयातलं लोखंडी कपाट मी पाहिलं आहे. येत्या रविवारी सकाळी ते आम्ही दोघं मिळून रिकामं करणार आहोत. ज्यांना हातभार लावायचा असेल, त्यांनी यावं.